गडद लाकडावर फिका रंग : पुन्हापुन्हा उमटणाऱ्या तपकिरी डागांचे निवारण

जुन्या घराच्या पडवीचे खांब, खिडक्यांच्या चौकटी आणि झडपा वर्षानुवर्षे काळपट तपकिरी राहिलेल्या असतात. कधी त्यांना काजूच्या टरफलाचे तेल पाजलेले असते, कधी डांबर फासलेले असते, तर कधी गडद छटेचे पॉलिश किंवा बाजारातले तयार वुड स्टेन लावलेले असते. पडवीत थोडा उजेड यावा म्हणून घरातली माणसे पांढरा किंवा साईचा रंग देण्याचे ठरवतात. रंगारी वरवर पॉलिश पेपर फिरवतो, प्रायमरचा एक हात देतो, त्यावर रंगाचे दोन हात देतो आणि काम संपते त्या दिवशी खिडक्या खरोखरच सुंदर दिसतात. मात्र आठ-पंधरा दिवसांत सांध्यांपाशी पिवळसर छाया दिसू लागते, पहिल्या पावसात तिचे कोऱ्या चहासारखे ओघळ होतात, आणि मग तिसरा, चौथा हात देऊनही तेच ओघळ त्याच जागी पुन्हा वर येतात.

राजापूर तालुक्यातील आमच्या घरी हे दोनदा घडले. पहिल्या वेळी ऐनाच्या खांबांवर आणि सागवानी झडपांवर सरसकट पाण्याचे प्रायमर लावले गेले, आणि खांब दोन आठवड्यांत डागाळले. दुसऱ्या वेळी आम्ही त्यावरून धडा घेऊन सगळीकडे तेलाचे प्रायमर लावून घेतले. त्यामुळे खांब स्वच्छ राहिले, पण आजोबांच्या काळापासून काजूचे तेल पीत आलेल्या झडपा दुसऱ्याच दिवशी तांबूस झाल्या. दोन्ही वेळा दोष रंगाच्या दर्जावर आणि रंगाऱ्याच्या हातावर ठेवून आम्ही मोकळे झालो, आणि तेथेच चुकलो. एकाच घरातल्या दोन लाकडांना दोन वेगळे आजार होते, आणि एकाचे औषध दुसऱ्याला लागू पडत नव्हते.

या सगळ्या खटाटोपातून जी गोष्ट हाती आली ती अशी : डाग ज्या द्रवात विरघळतो, त्याच द्रवात कालवलेले आणि सावकाश वाळणारे अस्तर त्याच्यावर दिले, तर ते अस्तरच त्या डागाला विरघळवून वर ओढून घेते. त्यामुळे प्रायमर निवडण्याआधी डाग कशात विरघळतो हे शोधले पाहिजे. त्याला कापसाचा एक बोळा आणि अर्धा तास पुरतो.

डाग कोठून येतो

ऐन, खैर, किंजळ, बाभूळ या लाकडांच्या गाभ्यात टॅनिन हे तुरट द्रव्य आणि त्याच जातीची इतर द्रव्ये भरपूर असतात, आणि ती पाण्यात विरघळतात. खैराच्या गाभ्याचे तुकडे पाण्यात उकळूनच कात काढतात, हे ज्याला ठाऊक आहे त्याला या डागाचे मूळ वेगळे समजावून सांगावे लागत नाही. फणसाचेही तसेच आहे. त्याच्या गाभ्यातला पिवळा रंग पाण्यात उतरतो, आणि आग्नेय आशियात बौद्ध भिक्षूंची चीवरे रंगवण्यासाठी तो वापरला गेला आहे. अशा लाकडावर पाण्याचे प्रायमर दिले, की प्रायमरमधले पाणी लाकडात थोडे शिरते, तिथले द्रव्य सोबत घेते आणि वाळताना पृष्ठभागावर आणून सोडते. पुढे पावसाचे पाणी सांध्यातून मागच्या बाजूने शिरले, तर हेच काम ते पुन्हा करते. म्हणूनच हे ओघळ बहुधा सांध्याखाली, खालच्या आडव्या पट्टीवर आणि उघड्या राहिलेल्या कापलेल्या टोकांपाशी दिसतात.

काजूच्या टरफलाच्या तेलाचा स्वभाव याच्या अगदी उलट आहे. टरफलाच्या दोन पापुद्र्यांच्या मधल्या पोकळ्यांत ते असते, आणि त्यात प्रामुख्याने ॲनाकार्डिक आम्ल व त्याच्या जातीची फिनॉलवर्गीय द्रव्ये असतात. लाकडाला वाळवी लागू नये, पाणी मुरू नये म्हणून कोकणात ते पूर्वापार वापरले गेले आहे, आणि ते काम ते चोख करते. पाण्यात ते विरघळत नाही. टर्पेंटाइनमध्ये आणि रॉकेलमध्ये मात्र विरघळते. तेलाच्या प्रायमरमध्ये टर्पेंटाइनच असते. शिवाय या फिनॉलवर्गीय द्रव्यांमुळे तेलरंगाचे वाळणे मंदावते, त्यामुळे रंग चार-चार दिवस बोटाला चिकटत राहतो, आणि ओल्या राहिलेल्या थरातून डागाला वर यायला हवा तेवढा वेळ मिळतो. डांबराची गोष्ट हीच आहे. सागवानाचे नैसर्गिक तेलही तेलरंगाला लवकर वाळू देत नाही; सागावर रंग चिकट राहिला म्हणून रंगच भेसळीचा होता असे लगेच ठरवू नये.

तिसरा प्रकार गडद पॉलिशचा. लाखेच्या पॉलिशमध्ये छटा आणण्यासाठी कोणी गेरू, अंबर यांसारखी माती मिसळतो, तर कोणी स्पिरिटमध्ये विरघळणारा रंग घालतो. मातीचे कण जागेवर बसून राहतात, त्यांचा उपद्रव होत नाही. विरघळणारा रंग मात्र लाकडाच्या रेषांत खोल गेलेला असतो आणि स्पिरिट दिसताच पुन्हा जागा होतो.

कापसाची चाचणी

झडपेच्या आतल्या बाजूला, सहज नजरेस न पडणारी वीतभर जागा निवडावी. तिथला वरचा थर पॉलिश पेपरने उतरवून लाकूड उघडे करावे आणि धूळ पुसून घ्यावी. मग पांढऱ्या कापसाचे तीन बोळे घ्यावेत. एक कोमट पाण्यात, दुसरा टर्पेंटाइनमध्ये आणि तिसरा स्पिरिटमध्ये भिजवून प्रत्येकाने वेगवेगळ्या जागी मिनिटभर घासावे. घासून झाल्यावर बोळा त्या जागेवर दाबून पाच मिनिटे तसाच ठेवावा आणि मग उजेडात धरून पाहावा. आमच्या खांबाच्या पाण्याच्या बोळ्यावर स्पष्ट तपकिरी वर्तुळ उठले होते, आणि टर्पेंटाइनचा बोळा जवळजवळ कोरा होता. झडपेच्या बाबतीत पाण्याचा बोळा कोरा, टर्पेंटाइनचा बोळा जुन्या मधाच्या रंगाचा आणि स्पिरिटचा किंचित पिवळट, असे चित्र होते. हे तीन बोळे एका ओळीत कागदावर ठेवून पाहिल्यावर आधीच्या दोन्ही वेळा आपण काय केले होते, हे एका क्षणात कळले.

याच वेळी वरचा थर कोणत्या जातीचा आहे तेही समजते. स्पिरिटने थर मऊ होऊन कापसाला चिकटू लागला, तर ते लाखेचे पॉलिश आहे. स्पिरिटने काही झाले नाही पण एनसी थिनरने (नायट्रोसेल्युलोज लॅकर पातळ करण्याच्या द्रावणाने) तो सुटला, तर ती लॅकर आहे. दोन्हींनी हलला नाही, तर तो वार्निश किंवा पॉलियुरेथेनचा थर आहे आणि तो घासूनच काढावा लागेल.

काळे डाग मात्र वेगळे समजावेत. खिळ्याभोवती, बिजागरीखाली, कडी-कोयंड्याच्या मागे निळसर काळे वर्तुळ असेल, तर तो टॅनिन आणि लोखंड यांच्या संयोगाचा परिणाम आहे, आणि त्यावर प्रायमर हा उपाय नाही. एक लिटर गरम पाण्यात साधारण ५० ग्रॅम ऑक्झॅलिक ॲसिड विरघळवून ते ब्रशने डागावर लावावे, वाळू द्यावे आणि मग स्वच्छ पाण्याने दोन-तीन वेळा धुवावे. डाग बहुतांशी फिका पडतो. हे आम्ल विषारी आहे. हातमोजे घालावेत, भांडे स्वयंपाकघरातले नसावे, आणि वाळलेल्या आम्लावर कोरडा पॉलिश पेपर कधीही फिरवू नये, कारण ती पूड श्वासात जाते. गंजलेले खिळे शक्यतो उपसून त्या जागी पितळी किंवा स्टेनलेस स्टीलचे स्क्रू घालावेत. जे निघत नाहीत ते आत ठोकून, त्यांच्या डोक्यावर गंजरोधक अस्तर देऊन वरून लांबी (पुट्टी) भरावी.

लाकूड उघडे करणे

या टप्प्यावर घाई केली, तर पुढचा सारा खर्च पाण्यात जातो. जुना थर पापुद्र्यांनी सुटत असेल तिथे पत्तीने खरवडून काढावा, नंतर ८० नंबरचा पॉलिश पेपर, मग १२० चा, असे लाकडाच्या रेषांच्या दिशेने घासावे. बाहेरच्या लाकडाला १२० च्या पुढे गुळगुळीत करण्यात अर्थ नाही, कारण फार चकचकीत झालेल्या लाकडावर अस्तर नीट धरत नाही. उन्हापावसात राहून राखाडी पडलेले लाकूड असेल, तर तो राखाडी थर पूर्ण निघून खालचे सतेज लाकूड दिसेपर्यंत घासले पाहिजे. त्या थरातले तंतू मुळातच सुटे झालेले असतात, आणि त्यांना धरून बसलेला रंग तंतूंसकट सुटतो. अमेरिकेतील मॅडिसन येथील फॉरेस्ट प्रॉडक्ट्स लॅबोरेटरीच्या कामातून असे दिसले आहे, की ताजे घासलेले लाकूड काही आठवडे जरी उन्हात उघडे राहिले तरी रंगाची पकड घटते. तेव्हा आज घासून महिन्याने प्रायमर देण्याची पद्धत सोडून द्यावी. एका वेळी जेवढ्या झडपांना अस्तर देता येईल तेवढ्याच घासायला घ्याव्यात.

कॉस्टिक सोड्याने जुना थर उतरवण्याचा मार्ग झटपट वाटतो आणि अनेक ठिकाणी तो सर्रास वापरला जातो. मी तो ऐन, साग, खैर या लाकडांवर वापरू देत नाही. अल्कलीने टॅनिन आणखी काळे होते, आणि लाकडात शिल्लक राहिलेला सोडा वर दिलेल्या तेलरंगाचा साबण करून टाकतो, त्यामुळे रंग खालून मऊ होऊन सुटतो. तो आधीच वापरला गेला असेल, तर लाकूड भरपूर पाण्याने धुऊन, पाण्यात व्हिनेगर मिसळून त्याचा एक हात फिरवावा आणि पुन्हा साध्या पाण्याने धुवावे.

काजूचे तेल पाजलेल्या लाकडाला उष्णतेने सोलू नये. ते तापले की त्याची वाफ डोळ्यांना आणि घशाला झोंबते. ताजे तेल कातडीला भाजते हे काजूच्या कारखान्यात काम केलेल्या प्रत्येकाला ठाऊक असते. जुन्या वाळलेल्या थराची धूळही काहींच्या अंगावर पुरळ आणते, म्हणून पूर्ण बाह्यांचा सदरा, मोजे आणि तोंडाला चांगला मास्क हवाच. सागाची धूळदेखील अनेकांना सोसत नाही. जुन्या घरात स्टेनच्या खाली ऑइल पेंटचे थर सापडले, तर आणखी एक काळजी घ्यावी. घरगुती रंगांतील शिशाचे प्रमाण ९० पीपीएमपर्यंत (दहा लाख भागांत ९० भाग) मर्यादित करणारा नियम आपल्याकडे १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला, म्हणजे त्याआधीच्या थरांत शिसे असू शकते. असे थर कोरडे न घासता पाणी शिंपडून घासावेत, खाली प्लास्टिक अंथरावे आणि लहान मुलांना त्या दिवसांत पडवीत येऊ देऊ नये.

घासून झाल्यावर टर्पेंटाइनने, आणि सागवान असल्यास शक्यतो एनसी थिनरने, पांढऱ्या फडक्याने पुसावे. फडके वारंवार बदलावे, नाहीतर तेच तेल एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे पसरते. फडक्यावर रंग येणे जवळजवळ थांबेपर्यंत हे करावे. आमच्या एका झडपेला सहा फडकी लागली. जवसाच्या तेलाची किंवा तेलरंगाची फडकी बोळा करून कोपऱ्यात टाकू नयेत, ती आपोआप तापून पेट घेऊ शकतात. पाण्याच्या बादलीत टाकावीत किंवा पसरून उन्हात वाळवावीत.

शेवटी पाण्याचा एक थेंब लाकडावर सोडावा. अळूच्या पानावर राहतो तसा तो मोत्यासारखा उभा राहिला, तर तेल किंवा मेण अजून वरच आहे आणि पुन्हा पुसणे भाग आहे. दोन-चार मिनिटांत तो पसरून मुरला, तर लाकूड अस्तर घ्यायला तयार झाले असे समजावे.

कधी करावे

रत्नागिरी जिल्ह्यात वर्षाला ३,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि तो बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत कोसळतो. गणपतीच्या आधी घर रंगवण्याची आपली हौस मला समजते, पण बाहेरच्या लाकडासाठी तो सर्वांत वाईट काळ आहे. दिवाळी उलटल्यावर तीन-चार आठवडे कोरडी हवा मिळू द्यावी, आणि काम डिसेंबर ते मार्चच्या मध्यापर्यंत उरकावे. लाकडातली ओल मोजण्याचे यंत्र मिळाले तर ती १५ टक्क्यांच्या आसपास किंवा त्याहून खाली असावी. यंत्र नसल्यास लाकडावर वीतभर प्लास्टिकचा तुकडा चिकटपट्टीने चारही बाजूंनी बंद करून रात्रभर ठेवावा. सकाळी आतून बाष्प धरले असेल तर थांबावे. डिसेंबर-जानेवारीत पहाटेचे दव फार असते, म्हणून सकाळी नऊ-दहाच्या आधी ब्रश हातात घेऊ नये आणि चारनंतर नवा हात सुरू करू नये. भर उन्हात तापलेल्या झडपेवरही रंग देऊ नये. वरचा थर झटकन वाळतो, आतला ओला राहतो, आणि फोड येतात.

कोणत्या डागाला कोणते अस्तर

पाण्याचा बोळा तपकिरी झाला असेल, तर तेलाचे वुड प्रायमर वापरावे, आणि तेही दोन हात. पहिला हात टर्पेंटाइनने थोडा पातळ करून रेषांत मुरेल असा, दुसरा डब्यातून निघेल तसा. दोन हातांमध्ये पूर्ण एक दिवस, आणि हवा दमट असेल तर दोन दिवस जाऊ द्यावेत. या अस्तरावर नंतर पाण्याचा ॲक्रिलिक रंग द्यायचा असेल तर तो देता येतो, मात्र अस्तर पूर्ण वाळलेले असले पाहिजे आणि कुठेही उघडे लाकूड दिसता कामा नये. या लाकडावर पाणी लावून स्टील वूलने घासू नये. तुटलेले बारीक तुकडे रेषांत अडकतात, गंजतात, आणि टॅनिनशी मिळून काळे ठिपके उमटवतात.

टर्पेंटाइनचा बोळा तपकिरी झाला असेल, म्हणजे काजूचे तेल, डांबर किंवा तेलाचे गडद स्टेन असेल, तर दोन मार्ग आहेत, आणि आमच्या घरी आम्ही दोन्ही वापरले.

पडवीच्या खोल छपराखाली असलेल्या झडपांना आम्ही चपडा लाखेचे अस्तर दिले. एक लिटर स्पिरिटमध्ये सुमारे १८० ग्रॅम चपडा लाख रात्रभर भिजत घातली, सकाळी ढवळून पातळ मलमलीतून गाळली आणि रुंद, मऊ ब्रशने एकाच दिशेने पातळ हात दिला. काजूचे जुने तेल स्पिरिटमध्येही थोडे विरघळते, पण स्पिरिट मिनिटांत उडून जाते, त्यामुळे डागाला वर यायला वेळच मिळत नाही; आणि वाळलेल्या लाखेला टर्पेंटाइन मऊ करू शकत नाही, त्यामुळे वर दिलेले तेलाचे अस्तर खालच्या डागापर्यंत पोहोचत नाही. ब्रश एकाच जागी पुन्हापुन्हा फिरवू नये, हे येथे सर्वांत महत्त्वाचे आहे. तासाभराने दुसरा हात द्यावा. लाख लोखंडी भांड्यात भिजवू नये, ती काळवंडते. काचेची किंवा प्लास्टिकची बरणी घ्यावी. वर्षभर पडून राहिलेले द्रावण वापरण्याआधी काचेवर एक थेंब वाळवून पाहावा, आणि तो तासाभराने नखाला चिकटत असेल तर फेकून द्यावे. लाखेत थोडे मेणही असते. मेण काढलेली लाख मिळाली तर वरच्या अस्तराची पकड अधिक चांगली राहते. स्पिरिटला विस्तव फार लवकर लागतो, तेव्हा विडी-सिगारेट आणि चूल दोन्ही लांब ठेवावीत.

लाखेची मर्यादा अशी, की ती पाणी आणि ऊन फार सोसत नाही. म्हणून ती रंगाच्या पूर्ण आवरणाखालीच ठेवायची असते, आणि पावसाचा थेट मारा घेणाऱ्या मोठ्या पृष्ठभागासाठी मी ती सुचवणार नाही. पश्चिमेकडच्या ज्या दोन खिडक्यांवर पावसाची झड सरळ येते, तिथे आम्ही ॲल्युमिनियमचे वुड प्रायमर वापरले. हे काही नवे संशोधन नाही. केंद्रीय सार्वजनिक बांधकाम विभागाच्या दरसूचीत साध्या लाकडासाठी गुलाबी किंवा करडे प्रायमर आणि राळयुक्त लाकडासाठी ॲल्युमिनियम प्रायमर, असा भेद पूर्वीपासून केलेला आहे. या प्रायमरमधले ॲल्युमिनियमचे सूक्ष्म पापुद्रे थर वाळताना माशाच्या खवल्यांसारखे एकावर एक आडवे बसतात आणि खालून येणाऱ्या डागाची व पाण्याची वाट अडवतात. डब्यात ते तळाला बसतात, म्हणून काम चालू असतानाही दर थोड्या वेळाने तळापासून ढवळावे. दुकानात साधा चंदेरी रंग याच नावाखाली हातात दिला जातो. तो घेऊ नये, डब्यावर लाकडाचे प्रायमर असे लिहिलेले आहे ना, हे स्वतः वाचून पाहावे. हे अस्तर चंदेरी करडे असल्यामुळे त्यावर पांढऱ्या अंडरकोटचे दोन हात लागतात. हा जादा खर्च मला योग्य वाटला.

स्पिरिटचा बोळा गडद झाला असेल, तर लाखेचा उपयोग नाही, कारण तिच्यातले स्पिरिटच रंगाला उठवते. अशा ठिकाणी ॲल्युमिनियम प्रायमर किंवा दोन घटकांचे पॉलियुरेथेन सीलर वापरावे. तिन्ही बोळे रंगीत झाले, तर लाकूड अजून पुरेसे साफ झालेले नाही. पुन्हा घासावे आणि पुन्हा चाचणी घ्यावी.

निवड काहीही झाली, तरी आधी एका झडपेच्या वीतभर भागावर संपूर्ण क्रम करून पाहावा. अस्तर, रंग, सारे वाळल्यावर आठवडाभराने त्यावर ओले फडके ठेवून वर प्लास्टिक बांधावे आणि एक रात्र तसेच ठेवावे. सकाळी रंग पांढरा राहिला असेल, तर नव्या ब्लेडने त्यावर फुलीची चीर पाडून चिकटपट्टी दाबून झटक्यात ओढावी. पट्टीबरोबर रंगाचा पापुद्रा आला, तर अस्तराने लाकूड धरलेले नाही. आमच्या पहिल्या तुकड्यावर हेच झाले होते, आणि कारण शोधता टर्पेंटाइनने पुसण्यात कसूर झाल्याचे आढळले.

कापलेली टोके आणि वरचा रंग

झडपेची वरची व खालची कड, खांबाचा तळ, बिजागरीची खाच, काचेच्या पट्टीची मागची बाजू, या जागा रंगारी बहुधा सोडतो, कारण त्या दिसत नाहीत. लाकूड पाणी पिते ते मुख्यतः कापलेल्या टोकांतून. झडपा बिजागरीतून काढून, आडव्या ठेवून, या कडांना अस्तराचे तीन हात द्यावेत. झडप न काढता केलेले काम मी अर्धेच काम मानतो, मग समोरचा भाग कितीही सफाईदार दिसो.

लांबी नेहमी पहिल्या अस्तरानंतर भरावी, उघड्या लाकडात नव्हे. उघडे लाकूड लांबीतले तेल शोषून घेते आणि ती भुसभुशीत होऊन गळते. लांबी वाळल्यावर १८० नंबरने घासून, त्या जागी पुन्हा अस्तर द्यावे. वरच्या रंगाचे दोन पातळ हात एका जाड हातापेक्षा केव्हाही चांगले.

डाग नसलेले डाग

काही वेळा सारे नीट होऊनही रंग पिवळा पडतो, आणि लोक प्रायमरला दोष देतात. पांढरा तेलाचा एनॅमल अंधाऱ्या जागी आपसूक पिवळसर होतो. झडपेची उन्हाकडची बाजू पांढरी आणि भिंतीकडची बाजू एकसारखी पिवळट असेल, तर तो लाकडातून आलेला डाग नाही. डाग नेहमी ठिपक्यांत, ओघळांत, सांध्यांच्या आणि गाठींच्या जवळ दिसतो. या पिवळेपणाचा त्रास नको असेल, तर वरचे हात पाण्याच्या ॲक्रिलिक एनॅमलचे द्यावेत.

पावसाळ्यानंतर दिसणारे काळसर बारीक ठिपके बहुधा बुरशीचे असतात. त्यावर ब्लीचिंगच्या द्रावणाचा एक थेंब सोडावा. ठिपका मिनिटभरात फिका पडला तर ती बुरशी, न पडल्यास मळ किंवा लोखंडाचा डाग. हे द्रावण ऑक्झॅलिक ॲसिडमध्ये किंवा दुसऱ्या कोणत्याही आम्लात मिसळू नये, विषारी वायू सुटतो.

एक गोष्ट येथे मोकळेपणाने सांगतो. प्रत्येक गडद लाकूड फिके करायलाच हवे असे मला वाटत नाही. आमच्या माजघराच्या सागवानी दारावर कोरलेली वेल आहे, आणि ती रंगाखाली बुजवण्याचा विचार मी दोन वेळा करून सोडून दिला. रेल्वेचे जुने स्लीपर फाटकाला किंवा पायऱ्यांना वापरलेले असतील, तर त्यांनाही हात लावू नये. त्यांत खोलवर गेलेले क्रिओसोट (लाकूड टिकवण्यासाठी पाजलेले डांबरी तेल) वर्षानुवर्षे बाहेर येत राहते आणि कोणताही फिका रंग तिथे टिकत नाही.

तिसऱ्या खेपेचे आमचे काम होऊन दोन पावसाळे गेले आहेत. खांब आणि झडपा स्वच्छ आहेत. उत्तरेकडच्या एका चौकटीच्या तळाशी मात्र, जिथे लाकूड थेट जांभ्या दगडावर टेकलेले आहे, बोटभर लांबीची एक तपकिरी रेघ यंदा पुन्हा उमटली. ती खरवडून कापूस लावून पाहिला, पाण्याचा बोळा तपकिरी झाला. दगडातून चढणारी ओल चौकटीच्या न रंगवलेल्या तळातून आत शिरत आहे, हे उघड आहे. दिवाळीनंतर सुताराकडून ती चौकट अर्धा इंच उचलून घ्यायची, तळाला अस्तराचे तीन हात द्यायचे आणि दगड व लाकूड यांच्या मध्ये शिशाच्या पत्र्याऐवजी जाड प्लास्टिकची पट्टी घालायची, असे ठरवले आहे; तोपर्यंत त्या रेघेवर मी रंग लावणार नाही.